आपण विसरतों कां?

परीक्षा आटोपून विद्यार्थी घरीं परतला म्हणजे पुष्कळदां एकच तक्रार कानीं येते: "रात्रीं सारें येत होतें, पण प्रश्नपत्रिका हातीं आली आणि कांहींच आठवेना!" वडिलांना हें बोलणें खोटें वाटतें, मुलाची बुद्धिच मंद असावी या विचारानें आईस चिंता लागते, आणि सर्वांत वाईट हें कीं, मुलाचाहि हळूहळू तोच समज होऊन बसतो. वस्तुतः मूल खोटें बोलत नसतें आणि बहुधा मंदहि नसतें. दोष असतो तो अभ्यासाच्या रीतीचा. हें मानसशास्त्राच्या आधारें स्पष्ट करण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

हर्मन एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें विस्मृतीचें मोजमाप करण्याचें मनावर घेतलें, व त्यासाठीं स्वतःवरच प्रयोग केले. परिचित शब्दांचा अर्थ स्मरणास साहाय्य करतो. तें टाळण्यासाठीं त्यानें सुमारें २३०० निरर्थक अक्षरगट बनविले. त्यांच्या माळा तो पाठ करी, आणि कांहीं काळानें त्याच माळा पुन्हां पाठ करण्यास पहिल्यापेक्षां किती कमी श्रम पडतात तें मोजी. जितके श्रम वांचले तितकें ज्ञान शिल्लक राहिलें, असा त्याचा हिशेब. इ. स. १८८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाप्रमाणें २० मिनिटांनंतर शेंकडा सुमारें ५८, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४ व एका महिन्यानंतर २१ इतका भाग शिल्लक होता. म्हणजे विस्मृतीचा वेग आरंभीं फार व पुढें मंद असतो. अर्थात् उजळणी करावयाची ती पहिल्या दिवसांतच केली पाहिजे.

अर्थयुक्त कविता पाठ करण्यास मात्र त्याला निरर्थक अक्षरांच्या मानानें सुमारें एक दशांशच श्रम पडले. म्हणून आधीं समजून घ्यावें, मग पाठ करावें.

त्याला आणखी एक गोष्ट आढळली. १२ अक्षरगटांची माळ एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां म्हणून जें साधलें, तेंच तीन दिवसांत विभागून केवळ ३८ आवृत्त्यांनीं साधलें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावेत.

याहून मनोरंजक असा एक प्रयोग इ. स. २००६ मध्यें अमेरिकेंतील रोडिजर व कार्पिकी या दोघां शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चार वेळां वाचला. दुसऱ्यांनीं तो एकदांच वाचून तीन वेळां, पुस्तक न पाहतां, आठवेल तितका लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांस शेंकडा ८३ व आठवून लिहिणाऱ्यांस ७१ भाग आठवला. परंतु आठवड्यानंतर पारडें फिरलें! वाचणारे ४० वर आले, लिहिणारे ६१ वर राहिले. वारंवार वाचल्यानें मजकूर ओळखीचा होतो, व ती ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम उत्पन्न होतो. "रात्रीं सारें येत होतें" या उद्गाराचें मूळ येथें आहे.

आमच्या वडील पिढीस हें अगदींच अपरिचित नव्हतें. दिवेलागणीस मुलें परवचा म्हणत, पाढे व पावकी-निमकी रोज तोंडानें घोकीत. पुस्तक पुढें नसे. म्हणून तीं वृद्धपणींहि विसरलीं नाहींत. अर्थाकडे दुर्लक्ष झालें असल्यास तो दोष खरा. परंतु रोज थोडें व न पाहतां म्हणणें ही रीत निर्दोष होती.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत शिकलेला धडा त्याच सायंकाळीं पुस्तक मिटून आठवा. चुकेल तेवढेंच उघडून पाहा. मग दोन दिवसांनीं, आठवड्यानें व महिन्यानें तेंच करा. आठवतांना अडखळलांत तर खिन्न होऊं नका. त्या प्रयत्नानेंच स्मरण दृढ होतें. आणि पालकांस आमची विनंति ही कीं, "किती तास वाचलेंस?" असें विचारण्याऐवजीं जेवतांना प्रेमानें "आज काय शिकलास, तें सांग पाहूं" असें विचारावें. स्वतःस अक्षरओळख नसलेली माताहि हें करूं शकेल. आणि आपलें मूल मंद नव्हतें, ही गोष्ट तिला व त्याला एकदमच उमगेल.