तालुक्याच्या गॅरेजात स्पोर्ट्स कार

गंगाखेडहून लोह्याकडे निघालं की वाटेत परभणी जिल्ह्यातलं पालम लागतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखीच इथंही रस्त्याकडेची दुनिया आहे: पंक्चरवाला, रेडिएटरवाला, वेल्डिंगचं दुकान, लेथ, बॅटरीवाला आणि आपलं एकेक वैशिष्ट्य सांभाळून असलेले मिस्त्री. या सगळ्यांचं पोट ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, जीप आणि मोटारसायकलींवर चालतं. त्यांच्याकडे काम शिकणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये मात्र फेरारी आणि पोर्शे पळत असतात. तसली गाडी मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसाची, आपला तिच्याशी संबंध नाही, असं ही पोरं धरून चालतात. मला ते पटत नाही. चपळ, हलकी, वळणावर जमिनीला धरून राहणारी गाडी जुन्या स्वस्त मोटारीतून घडवता येते आणि त्यासाठी लागणारं बहुतेक कसब तालुक्याच्या गावात आधीपासून आहे. फक्त गाडी पारखून घ्यायला हवी आणि पैसा योग्य क्रमानं खर्च करायला हवा.

सुरुवात जुन्या गाडीतूनच

स्पोर्ट्स कारचा इतिहासच जुन्या स्वस्त गाड्यांपासून सुरू होतो. १९४८ मध्ये लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन या विशीतल्या तरुणानं एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली. ऑस्टिन सेव्हन म्हणजे १९२२ ते १९३९ या काळात बनलेली, इंग्लंडच्या सामान्य माणसाची छोटी गाडी. चॅपमननं मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात तिची जुनी बॉडी उतरवली आणि हलकी नवी चढवली. ती पहिली लोटस. पुढं याच लोटसनं फॉर्म्युला वनमध्ये बांधणी करणाऱ्यांचं विश्वविजेतेपद सात वेळा मिळवलं. गाडीतून अनावश्यक प्रत्येक किलो काढून टाकायचा, हे चॅपमनचं सूत्र शेवटपर्यंत कायम राहिलं.

आपल्याकडं हेच काम कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी केलं. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी एका सीटची रेसिंग गाडी तयार केली. बाजारात नाक्यानाक्यावर मिळणारं इंजिन घेतल्यानं खर्च आवाक्यात आला आणि दक्षिणेतल्या कितीतरी तरुणांना शर्यतीचं दार उघडलं. पुढं फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयन यानं देशातली सुरुवात मारुतीच्या इंजिनावर चालणाऱ्या अशाच गाडीतून केली.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं. दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सुट्या भागांतून एक छोटी चारचाकी बनवली. ती मोटारसायकलीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ लोकांसमोर आणला, त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या सुरुवातीला बोलेरो लोहारांच्या दारात आली. लोहारांची ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळं रस्त्यावर चालू देणार नाहीत, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. या प्रसंगाचे दोन्ही अर्थ लक्षात ठेवावेत. गावातल्या हातांत गाडी उभी करण्याची ताकद आहे. पण रस्त्यावर फिरवायची असेल तर शून्यापासून बांधण्यापेक्षा रीतसर नोंदणी झालेली जुनी गाडी घेऊन तिला सुधारणं शहाणपणाचं.

वजनाचं गणित

गाडी चपळ आहे की नाही हे नुसत्या अश्वशक्तीवरून कळत नाही. त्या शक्तीला किती वजन ओढावं लागतं ते बघायचं. कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० साधारण ३७ अश्वशक्तीची आणि साडेसहाशे किलोची. म्हणजे शंभर किलोमागं पावणेसहा अश्वशक्ती. १९९३ मध्ये आलेली झेन ९९३ सीसीची, ५० अश्वशक्तीची आणि साडेसातशे किलोच्या आसपासची; तिचा हिशेब साडेसहाच्या पुढं जातो. एस्टीमचं नंतरचं एमपीएफआय मॉडेल १२९८ सीसीचं, ८५ अश्वशक्तीचं आणि पावणेनऊशे किलोच्या घरातलं. तिथं शंभर किलोमागं साडेनऊहून जास्त पडतात. आजची बाराशे किलोची, ११५ अश्वशक्तीची नवी एसयूव्ही घेतली तरी गुणोत्तर तेवढंच येतं. एस्टीम तिच्यापेक्षा जमिनीला जवळ आणि सव्वातीनशे किलोनं हलकी असते, त्यामुळं वळणावर आणि ब्रेक मारताना तिचं अंग वेगळंच जाणवतं. म्हणूनच आपल्याकडच्या रॅलींमध्ये एस्टीम वर्षानुवर्षं पळत राहिली.

कोणती गाडी घ्यावी

दोन सीटची, छप्पर उघडणारी खरी स्पोर्ट्स कार आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झाली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म, फायबरग्लासच्या बॉडीची आणि ११४९ सीसीच्या रेनो इंजिनाची. दिसायला देखणी. पण ती थोडीच विकली गेली आणि आज तिची एखादी काच फुटली तरी शोधत हिंडावं लागतं. कमी पैशांत पहिली गाडी करणाऱ्यानं अशा दुर्मिळ गाडीच्या मोहात पडू नये.

वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकानं १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी अनेकांच्या मनात घर करून आहे. १०८९ सीसी, ४० अश्वशक्ती, स्टीअरिंगजवळचा गिअर. मुंबईच्या टॅक्सींमुळं तिचे भाग मुबलक मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. हौसेनं जपायला ही गाडी उत्तम, पण चपळाईसाठी घेऊ नये.

राहता राहिल्या मारुतीच्या जुन्या गाड्या. ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षं बनली. झेन आणि एस्टीमही खूप विकल्या गेल्या. यांचं पॅकिंग, क्लच प्लेट, ब्रेक शू नांदेड-परभणीत सहज मिळतात आणि यांच्यावर हात बसलेला मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहे. पहिल्या गाडीसाठी माझी शिफारस झेनची. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, पुढं डिस्क ब्रेक, बांधा आटोपशीर.

घेताना बघायचं काय

इंजिन थकलेलं असेल तर बांधता येतं, सडलेला पत्रा मात्र बजेट बुडवतो. म्हणून तपासणी खालून सुरू करावी. आपल्या भागातली काळी माती चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्टीत घट्ट बसते, पावसाळ्यात महिनोन्महिने ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग चकचकीत दिसतो. एक लहानसं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावं. जिथं ते पकड सोडतं तिथं खाली जाड लांबी भरलेली आहे. मग गाडीखाली सतरंजी टाकून आडवं व्हावं आणि पुढचा सस्पेन्शनचा हात जिथं बॉडीला जोडला जातो, मागचे शॉकअप जिथं वर बसतात, त्या जागा पेचकसाच्या मुठीनं ठोकून बघाव्यात. धड पत्रा टणक आवाज देतो, सडलेला बद्द वाजतो. या जोडांवर गंज चढला असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, हात जोडून परत फिरावं.

त्यानंतर इंजिनचं कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ आहेत का, याला महत्त्व जास्त. एकाच सिलिंडरचा आकडा खाली असेल तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. दहा मिनिटांच्या या कामानं पुढचा मोठा खर्च आधीच कळतो. गोठ्याशेजारी किंवा आखाड्यावर बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर उंदरांनी वायरिंग कुठं कुरतडलंय तेही डॅशबोर्डखाली बॅटरी मारून बघावं.

पैसा कुठं आधी

खिशात शंभर रुपये असतील तर पहिले चाळीस गाडी थांबवण्यावर आणि वळवण्यावर घालावेत: ब्रेक, टायर, स्टीअरिंगचे जोड, शॉकअप, बुश. पुढचे तीस इंजिन आणि थंड ठेवण्याच्या यंत्रणेवर. वीस राखून ठेवावेत, कारण खोललेल्या गाडीत न दिसलेलं काम निघतंच. उरलेले दहा रंगरूपाला. आपल्याकडं बहुतेक पोरं हा क्रम उलटा लावतात. आधी अलॉय, मग सायलेन्सर, मग स्टिकर. गाडी वाजते खूप, पण पुढं अचानक म्हैस आडवी आली की थांबत नाही.

ब्रेकचं काम नीट समजून घ्यावं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-३ ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं ऑइल १४० च्या आसपासच उकळू शकतं. लागोपाठ जोरात ब्रेक मारले की त्याची वाफ होते आणि वाफ दबत असल्यानं पेडल खाली जातं. म्हणून जुनं काळपट ऑइल पूर्ण काढायचं, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची रबरं बदलायची, चारही होस नवे टाकायचे आणि मग एअर काढायची. शिकाऊ पोरगा पेडलवर, उस्ताद चाकापाशी. “मार... मार... धर,” असं उस्ताद म्हणतो. पोरगा पाय दाबून धरतो, उस्ताद निप्पल पाव आटा सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरतात आणि निप्पल आवळल्यावरच “सोड” म्हणतो. निप्पल उघडं असताना पाय सुटला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत चारही चाकांना हे करायचं. शेवटी पेडल दगडासारखं लागलं पाहिजे.

टायर घेताना कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

इंजिन थंड, पेट्रोल स्वच्छ

परभणी जिल्ह्याचा उन्हाळा गाडीची परीक्षा घेतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आपल्याकडं सर्रास आहे. त्यामुळं इंजिन योग्य उष्णतेला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, कार्बन साचतो. तापण्याचं खरं कारण बहुधा रेडिएटरमध्ये असतं. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी घालत राहिलं की नळ्या आतून चोंदतात. रेडिएटर खोलून रॉड मारून घ्यावा, पंखा कितव्या अंशाला लागतो ते तपासावं, नवा थर्मोस्टॅट टाकावा आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरमधली रबरं आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात आणि गळायला लागतात. इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल चालेल अशा दर्जाचे नवे पाइप टाकावेत आणि गाडी फार दिवस टाकी भरून उभी ठेवू नये.

एवढं झाल्यावर ताकदीकडं वळावं. एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन छोट्या मारुतीत बसवण्याची युक्ती जुन्या मिस्त्रींना पाठ आहे. पण ते पहिलं पाऊल नव्हे. टॅपेट सेटिंग, इग्निशन टायमिंग, नवा टायमिंग पट्टा, साफ कार्ब्युरेटर आणि घसरत नसलेला क्लच एवढ्यावरच मरगळलेली गाडी मूळ ताकदीला येते. आणि मूळ ताकदीतली झेन पुष्कळ पळते.

कागद पक्के

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं. १५ वर्षांवरच्या गाडीला राज्याचा पर्यावरण करही आहे. गाडी स्वस्त मिळाली या आनंदात हे विसरलं तर बजेट तिथंच कोसळतं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातून आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो आधी उतरवून घ्यावा. इंजिन आणि चॅसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. इंजिन बदलायचं असेल तर आधी परभणीच्या आरटीओत विचारावं. एमएच-२२ ची पाटी लावून रस्त्यावर फिरणारी गाडी कागदावरही तीच असली पाहिजे.

पळवायची कुठं

आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या चालतात, शाळेची पोरं सायकलवर असतात. तिथं वेग दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळणं. वेगाची हौस असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या मान्यतेनं रॅली आणि ऑटोक्रॉस होतात. नाशिकला रॅलींची मोठी परंपरा आहे. तिथं हेल्मेट, पट्टे, अग्निशामक, डॉक्टर असतात आणि नवख्याला सराईतांकडून शिकायला मिळतं. चेन्नई आणि कोइम्बतूरला पक्के ट्रॅक आहेत.

अशा एका गाडीवर फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन आणि पेंटर सगळ्यांचे हात लागतात. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन निघालेल्या पोरानं ती एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली, प्रत्येक बदललेला भाग, किंमत आणि तारीख वहीत लिहून ठेवली, तर ती वहीच त्याचं प्रमाणपत्र होते. जुन्या गाड्या नीट करून देणारे कारागीर शहरातही कमी आहेत आणि जपण्यासारख्या गाड्या दरवर्षी वाढताहेत. पालमच्या गॅरेजात हे काम चोख होतं असं नाव झालं, तर नांदेड, लातूर, पुण्याची गाडी इथं येईल. त्यासाठी पहिली गाडी आपली, स्वस्तातली असावी आणि तिचे ब्रेक आधी करावेत.