चंबळची वाळू आणि सुसरीची अंडी



विज्ञानाच्या पुस्तकात पर्यावरणातील बदलांचा सजीवांवर होणारा परिणाम असा एक धडा असतो. त्यात बहुधा ध्रुवीय अस्वलाचे चित्र असते आणि खाली वितळणारा बर्फ. हा धडा शिकवताना आम्ही सहावीच्या वर्गात विचारले, "हिमनग कोणी पाहिला आहे?" एकही हात वर झाला नाही. मग विचारले, "चंबळ कोणी पाहिली आहे?" सगळा वर्ग हात वर करून उभा राहिला. कोणी आग्र्याला जाताना रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेली, कोणी मामाच्या लग्नाला धौलपूरला जाताना. तेव्हाच ठरवले की हा धडा अस्वलापासून नव्हे, चंबळपासून शिकवायचा. आपल्या दोन नव्या खोल्या जुलैत का उघडल्या नाहीत, असे अनेक पालकांनी विचारले आहे. त्याचे उत्तरही याच धड्यात आहे, म्हणून हा लेख थोडा लांबणार आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे आमच्या तोंडी 'घड़ियाल' हाच शब्द बसलेला. घरी आजी मात्र 'सुसर' म्हणायची. हिंदीत 'सूँस' म्हणजे गंगेतला डॉल्फिन, आणि तोही चंबळमध्ये आहेच. म्हणून आमच्या मनात बरीच वर्षे सूँस आणि सुसर एकच होते! तसे नाही. सुसर म्हणजे घडियाल, लांब चिमट्यासारख्या तोंडाची. मगर म्हणजे रुंद तोंडाची. पूर्ण वाढलेल्या नर सुसरीच्या नाकाच्या टोकाशी मडक्यासारखा एक फुगवटा येतो. त्या घड्यावरून घडियाल हे नाव पडले. शाळेची घंटा किंवा घड्याळ यांच्याशी त्याचा संबंध नाही, हे पाचवीच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. त्यांनी उत्तरपत्रिकेत तसे लिहिले आहे.

आता सुसरीचे शरीर पाहा, कारण सगळी गोष्ट शरीरापासूनच सुरू होते. तोंड अरुंद, त्यात शंभराहून अधिक बारीक टोकदार दात. हे तोंड पाण्यात झर्रकन आडवे फिरवून मासा पकडण्यासाठी आहे. मोठी झालेली सुसर जवळजवळ मासेच खाते. तिचे पाय कमजोर असतात. मगर पोट उचलून चालते, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जमिनीवरून जाते. मोठ्या सुसरीला ते जमत नाही. ती पोटावर सरपटत पाण्याबाहेर येते आणि काठाजवळच्या वाळूवर पडून राहते. तिचे रक्त आपल्यासारखे आतून गरम राहत नाही, म्हणून थंडीत तिला ऊन लागते आणि उन्हासाठी काठ लागतो. तो काठही कुठलाही चालत नाही. उतरती, मोकळी, पाण्याला लागून असलेली वाळू हवी, आणि काठाशी खोल, वाहते पाणी हवे. म्हणजे वाळू, खोल पाणी आणि मासे या तीन गोष्टी जिथे एकत्र असतील तिथेच सुसर राहील.

एके काळी अशा जागा पुष्कळ होत्या. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, पार ब्रह्मदेशातल्या इरावतीपर्यंत सुसरी होत्या. कातड्यासाठी शिकार झाली, अंडी काढली गेली, जाळ्यात अडकून त्या मेल्या, नद्यांवर धरणे झाली. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात मोठ्या सुसरी दोनशेही उरल्या नव्हत्या. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1975 साली मगर-सुसरींसाठी सरकारने खास योजना सुरू केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य घोषित झाले. मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात नदीकाठची अंडी आणून पिल्ले वाढवतात. ती सव्वा मीटरच्या आसपास लांब झाली की नदीत सोडतात. आज जगातल्या बहुतेक सुसरी एकट्या चंबळमध्ये आहेत. अलीकडच्या गणनांत येथे दोन हजारांहून अधिक सुसरी मोजल्या गेल्या आहेत.

चंबळच का? याचे एक उत्तर गमतीचे आहे. आम्ही लहान असताना चंबळचे नाव काढले की डाकू आठवत. संध्याकाळनंतर तिकडे कोणी जात नसे. शिवाय यज्ञातल्या पशूंच्या रक्ताची, कातड्याची नदी म्हणून 'चर्मण्वती', अशी कथा लोकांच्या मनात होती. त्यामुळे तिच्या काठी तीर्थे झाली नाहीत, घाट बांधले गेले नाहीत. बीहडांमुळे शेतीही थोडी. ज्या भीतीने आमच्या आई-वडिलांची झोप उडवली, त्याच भीतीने नदीचे पाणी बरेचसे स्वच्छ ठेवले. डाकू गेले हे चांगलेच झाले. पण त्यांच्यानंतर काठावर ट्रॅक्टर पोचले.

सुसरीच्या वर्षाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कडक असते. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या वार्षिक परीक्षेच्या सुमारास, मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण तीस ते पन्नास अंडी घालते. वाळू मऊ हवी, उंचावर हवी, पाण्यापासून फार दूर नको. दोन महिने किंवा थोडे जास्त दिवस ऊन अंडी उबवते. मे अखेर ते जूनमध्ये पिल्ले आतून आवाज करतात आणि आई वाळू उकरून त्यांना बाहेर काढते. मगर पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. सुसरीचे तोंड त्या कामाचे नाही, म्हणून पिल्ले स्वतःच पाण्याकडे धावतात. तिथे मोठी मादी आणि कधी मोठा नरही शेकडो पिल्लांची राखण करतो. नराच्या पाठीवर पिल्लांचा ढीग बसलेला असतो, असे छायाचित्र आपल्या फलकावर लावले आहे. मग पाऊस येतो, नदी फुगते आणि बहुतेक पिल्ले पुरात जातात. थोडी वाचतात. निसर्गाचा हिशोब इतका काटेकोर असताना त्यात आपण आणखी कुठली वजाबाकी करतो, ते पाहू.

पहिली वजाबाकी पाण्याची. वरच्या बाजूला 1960 साली गांधीसागर धरण आणि कोट्याचा बॅरेज झाला, नंतर राणा प्रताप सागर व जवाहर सागर. त्यांतून वीज मिळाली, शेतांना पाणी मिळाले. आपल्या घरी येणारा गहूही त्या पाण्यावरचा असेल, म्हणून धरणांना नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण उन्हाळ्यात खाली पाणी कमी येते. डोह उथळ होतात. नदीच्या मधल्या बेटांवर पाणचिरा हा पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो. पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते, मग कुत्री आणि गुरे चालत तिथे पोचतात. पक्ष्याला वाटते आपण बेटावर आहोत, आणि तोपर्यंत ते बेट राहिलेले नसते. हा बदल पुस्तकातल्या चित्रासारखा डोळ्यांत भरत नाही, पण परिणाम तोच.

दुसरी गोष्ट पाण्यात काय मिसळते याची. डिसेंबर 2007 मध्ये इटाव्याकडच्या भागात, जिथे चंबळ यमुनेला मिळते त्या बाजूला, मेलेल्या सुसरी तरंगताना दिसू लागल्या. त्या हिवाळ्यात शंभराहून अधिक सुसरी मेल्या. देशातले आणि परदेशातले पशुवैद्य आले. मेलेल्या सुसरींच्या मूत्रपिंडांत गाठिया सापडला, म्हणजे माणसाला सांध्यात होतो तसा युरिक आम्लाचा साठा. मूत्रपिंड कशाने बिघडले याचे पक्के उत्तर मिळाले नाही. यमुनेतून वर आलेल्या माशांमधून विष गेले असावे, असा अनेकांचा अंदाज होता. यातून मुलांनी एक गोष्ट समजून घ्यावी. सुसर यमुनेत गेली नसेलही, पण मासा गेला होता. अन्नसाखळी आपण वहीत बाणांनी काढतो, त्या बाणांवरून विषही चालते.

तिसरी बाब उष्णतेची. मगर-सुसरींच्या पिल्लाचा नर किंवा मादी होणे हे अंड्यातल्या अंड्यात आधी ठरलेले नसते, घरट्याच्या तापमानावर ठरते. दोन-तीन अंशांचा फरकही पुरतो. उन्हाळे वाढत गेले तर काय होईल, हे सातवीच्या वर्गात विचारले. एका मुलाने सांगितले, "सर, ती अंडी जास्त खोल घालेल." उत्तर चांगले आहे आणि पूर्ण चूकही नाही. प्राणी असे काही करून पाहतात. पण खोल खणायला वाळूचा थर तेवढा जाड लागतो.

येथे मगरीची तुलना उपयोगी पडते. आपले पुष्कळ नातेवाईक बडोद्याला आहेत, त्यांना विश्वामित्री नदी ठाऊक असेल. त्या नदीत, भर शहरात, सांडपाण्याच्या शेजारी मगरी राहतात. 2025 च्या गणनेत त्या चारशेहून अधिक भरल्या. मगर मासा खाते, बेडूक खाते, मेलेले जनावर खाते, काठात बीळ करते, तळ्यात राहते, गरज पडली तर रस्त्यावरून चालत जाते. तेव्हा परिसर बदलला की सगळे सजीव सारखेच भोगतात असे नाही. ज्याच्या गरजा ढोबळ, तो निभावतो. ज्याचे शरीरच एका प्रकारच्या नदीसाठी घडले आहे, त्याला जायला दुसरी जागा नसते. सुसर हट्टी आहे असे नव्हे. लाखो वर्षांत घडलेले तोंड आणि पाय पन्नास वर्षांत बदलत नाहीत.

राहिली वाळू. अभयारण्यातून वाळू काढण्यास बंदी आहे, तरी ती निघते. रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या उतरतात हे आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? जिथे ट्रॉली भरते तिथे अंडी असतील तर ती चिरडतात. नसतील तर पुढच्या वर्षी तिथे घरटे होत नाही.

आता खोल्यांकडे येतो. मागच्या फेब्रुवारीत आम्ही सातवीची सहल देवरीला नेली होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आवारात वाळूची दुसरी ट्रॉली रिकामी होत होती. ठेकेदार मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, चंबल की है, एक नंबर." सहलीला आलेली एक मुलगी शेजारीच उभी होती. तिने आम्हाला विचारले, "सर, यात अंडी होती का?" आम्ही ठेकेदाराकडे पावती मागितली. ती नव्हती. खरे सांगायचे तर पहिल्या ट्रॉलीच्या वेळी आम्ही ती मागितलीच नव्हती, आणि ती वाळू एका भिंतीत लागूनही गेली होती. चूक आमची. देवरीला मुलांना तासभर माहिती देणारे आम्हीच, आणि आपल्याच फाटकातून काय आत येते ते आम्ही पाहिले नाही.

विश्वस्त मंडळाची बैठक झाली. दोन मते होती, आणि दोन्ही समजण्यासारखी होती. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे, आलेली ट्रॉली परत पाठवून नदीत वाळू परत जाणार नाही, पाऊस तोंडावर आहे, मुले बसतील कुठे? दुसरे म्हणाले, एक परत गेली तर तिसरी येणार नाही. अखेर ट्रॉली परत गेली. पावती असलेली सिंध नदीची वाळू घ्यायची आणि जिथे चालेल तिथे क्रशरची गिट्टीची भुकटी वापरायची असे ठरले. पण पावसाळ्यात नदीतून वाळू काढणे बंद असते, आणि शिल्लक साठ्यातली वाळू आपल्या अंदाजपत्रकापेक्षा बरीच महाग निघाली. भुकटीत जोडकाम झाले, छत झाले, आतले प्लास्टर राहिले. म्हणून पाचवीचे दोन्ही वर्ग सभागृहात एकत्र बसत आहेत. गोंगाट होतो, आम्हाला ठाऊक आहे. पालकांची नाराजी रास्त आहे. ऑक्टोबरमध्ये घाट पुन्हा सुरू झाले की वाळू येईल आणि दिवाळीच्या सुट्टीत प्लास्टर होईल. वाढलेल्या खर्चाचा हिशोब आणि वाळूची प्रत्येक पावती कार्यालयात ठेवली जाईल, ज्यांना पाहायची त्यांनी येऊन पाहावी.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे आहे. ट्रॉली जूनमध्ये आली, त्या वेळेपर्यंत बहुतेक घरट्यांतून पिल्ले निघालेली किंवा निघण्याच्या बेतात असतात. त्या वाळूत अंडी होती की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. ती कुठल्या काठावरून भरली, हे ठेकेदारानेही सांगितले नाही. पहिल्या ट्रॉलीची भिंत पूर्वेकडच्या खोलीची आहे. ती खोली सातवीला देत आहोत. फलकावरचे नर सुसरीचे छायाचित्र त्याच भिंतीवर लावायचे, असे मुलांनी ठरवले आहे.

फेब्रुवारीत यंदा सहावीची सहल राजघाटला जाईल. सकाळची वेळ असेल, सुसरी तेव्हा उन्हाला बाहेर येतात. स्वेटर आणावा. दुर्बिणी शाळेकडे दोनच आहेत, ज्यांच्या घरी असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.