एका आलेखाचे अनेक खण

पिकांच्या उत्पन्नाचीं टिपणें ठेवणाऱ्या वाचकांस एक अडचण नेहमीं येते. सर्व शेतांचे व सर्व सालांचे आंकडे एकाच आलेखांत मांडले, म्हणजे टिंबांची नुसती गर्दी होते. आणि सरासरी काढली, तर शेताशेतांतील फरक तींत बुडून जातो. यावर उपाय असा कीं, ज्या बाबीमुळें फरक पडण्याचा संभव आहे, तिच्यावरून आलेखाचे स्वतंत्र खण पाडावे. ‘आर’ या विनामूल्य संगणकीय भाषेंत हें काम सहज होतें.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण देतों. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत १९३१ व १९३२ सालीं जवाच्या दहा जाती सहा ठिकाणीं पेरून उत्पन्न मोजलें गेलें. हे १२० आंकडे १९३४ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें १९९३ सालीं विल्यम क्लीव्हलंड यांनीं ठिकाणवार सहा खण पाडून ते मांडले, तेव्हां पांच ठिकाणीं १९३१ चें उत्पन्न एकंदरीत अधिक, पण मॉरिस येथें मात्र १९३२ चें अधिक, असें दिसून आलें. दोन सालांची नोंदींत अदलाबदल झाली असावी, असें अनुमान त्यांनीं केलें.

हे आंकडे दीपायन सरकार यांनीं रचिलेल्या ‘लॅटिस’ संचांत आयतेच मिळतात. प्रत्येक ओळींत उत्पन्न, जात, साल व ठिकाण असे चार रकाने आहेत. आलेखाच्या सूत्राअखेर उभी रेघ देऊन तिच्यापुढें ठिकाणाच्या रकान्याचें नांव लिहावें, म्हणजे सहा खण पडतात. ‘जीजीप्लॉट-टू’ संचांत हेंच काम ‘फॅसेट रॅप’ या आज्ञेनें होतें. दोन सालें दोन रंगांनीं दाखवावीं. मोजपट्टी सर्व खणांस एकच असूं द्यावी. नाहीं तर चार मणांचा व चाळीस मणांचा फरक डोळ्यांस सारखाच भासेल.

परंतु खण शंका दाखवितात, निवाडा करीत नाहींत. २०१३ सालीं केव्हिन राइट यांनीं आणखी सालांचे आंकडे व हवामान तपासून असें मत मांडलें कीं, मॉरिस येथील उलटापालट निसर्गतःही घडलेली असूं शकेल. म्हणून आपल्या एखाद्या शेताचा खण इतरांच्या उलट दिसला, तर लिहिणाऱ्यानें चूक केली किंवा बियाणें खोटें निघालें, असें लागलेंच ठरवूं नये. आधीं मूळ वही, त्या शेतावरील पाऊस व पेरणीची तारीख पडताळून पाहावी, आणि मगच पुढील हंगामाचें बियाणें निवडावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे.