जुनी पेटी आणि नवे गिऱ्हाईक

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे मुंबई, ठाणे, पुणे किंवा कोकणातून या देशात आली, तेव्हा विमानात न्यावयाच्या सामानाला वजनाची मर्यादा होती. तरीही काही घरांनी भांड्यांचा एखादा खोका मागे ठेवला आणि बाजाची पेटी बरोबर आणली. जिच्या सुरांवर योसेफाचे किंवा मोशेचे कीर्तन मराठीत ऐकले, ती पेटी मागे ठेवणे त्यांच्या जिवावर आले. आज त्या घरांतील मुले पियानो किंवा गिटार वाजवितात, नातवंडे काहीच वाजवीत नाहीत आणि पेटी कपाटावर चादर पांघरून बसलेली असते. मोठे घर सोडून लहान घरात जाण्याची वेळ आली, की तिचा प्रश्न पुढे येतो. आपण जाहिरात देतो. दारात गिऱ्हाईक उभे राहते आणि पहिल्याच वाक्यात निम्मी किंमत सांगते. त्या क्षणी मनाला जे लागते त्याविषयी, आणि ते लागू नये म्हणून काय करावे त्याविषयी, चार शब्द लिहावेत असा विचार आहे.

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतील राहते घर सोडताना मी वडिलांची पेटी विकावयास काढली. सागवानी, दुहेरी सुरांची, साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची पेटी. किंमत ४०० डॉलर लिहिली. पहिले गिऱ्हाईक एक तरुण मराठी इंजिनिअर होता. त्याने दोनचार पट्ट्या दाबून पाहिल्या आणि १५० डॉलर सांगितले. मी त्याला पेटीचा इतिहास सांगू लागलो. रेवदंड्यापासून पनवेलपर्यंत वडिलांनी ती चाळीस वर्षे कशी वाजविली, पावसाळ्यात ती घोंगडीत गुंडाळून बैलगाडीतून कशी नेली, हे सारे सांगितले. त्याने आदराने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, म्हणजे पेटी चाळीस वर्षे वापरलेली आहे.”

मी झाकण लावले आणि त्याला निरोप दिला. रात्री विचार करता उमगले, की तो मुलगा उद्धट नव्हता. जो इतिहास मी जमेच्या बाजूस मांडीत होतो, तो त्याच्या हिशेबात झीज म्हणून खर्ची पडत होता, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. माझ्या ४०० डॉलरांत दोन किमती मिसळल्या होत्या. एक लाकडाची, सुरांची आणि भात्याची. दुसरी वडिलांच्या आठवणीची. पहिली गिऱ्हाइकाने द्यावयाची असते. दुसरी त्याने द्यावी अशी अपेक्षा आपण करतो आणि ती न मिळाली की अपमान झाला असे मानतो.

येथे कोणी म्हणेल, की घासाघीस ही क्रॉफर्ड मार्केटातील गोष्ट. अमेरिकेत तर सगळीकडे ठरलेला भाव असतो. ते खरे आहे, परंतु तो या देशाचा जन्मजात स्वभाव नव्हे. येथील दुकानांतही पूर्वी भावताव चालत असे. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर स्ट्यूअर्ट या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात, सर्वांना एकच भाव, ही पद्धत रूढ केली. १८६१ साली फिलाडेल्फियात दुकान उघडणारे जॉन वॉनामेकर यांनी मालावर किमतीची चिठ्ठी लावण्याच्या प्रथेला देशभर नाव मिळवून दिले. गंमत अशी, की याच वॉनामेकरांनी आपल्या नव्या भव्य दुकानासाठी जे वाद्य घेतले ते जुने होते. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला प्रचंड ऑर्गन प्रदर्शनानंतर गोदामात पडून होता. वॉनामेकरांनी तो १९०९ साली विकत घेतला. तो फिलाडेल्फियात आणण्यास आगगाडीचे तेरा डबे लागले आणि २२ जून १९११ रोजी तो दुकानात प्रथम वाजला. पुढे वाढत वाढत त्याच्या नळ्यांची संख्या २८,००० च्या वर गेली. त्या वास्तूतील अखेरचे मोठे दुकान मार्च २०२५ मध्ये बंद झाले. तात्पर्य, चिठ्ठीवरचा भाव नव्या मालासाठी असतो. गोदामातून निघालेल्या वाद्याची किंमत घेणारा आणि देणारा समोरासमोर बसल्यावाचून ठरत नाही, मग घेणारा खुद्द चिठ्ठीचा पुरस्कर्ता का असेना.

पेटीच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडते, कारण तिच्या नशिबात चढउतार फार. मूळची ती युरोपची. पायाने भाता हलवावयाच्या त्या वाद्याला हातपेटीचे रूप देण्याचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. महाराष्ट्रात संगीत नाटक, भजन आणि कीर्तन तिच्यावाचून उभे राहिनासे झाले. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर ठेवले. तिचे सूर ठरीव, त्यांत मींड निघत नाही, असा आक्षेप होता. १९७१ मध्ये ही बंदी सैल झाली, तोपर्यंत तीस वर्षे लोटली होती. त्या काळात ती घरोघर वाजतच राहिली. रेडिओने तिची किंमत शून्य केली म्हणून कोणी ती मोडीत काढली नाही.

या देशात मात्र तिला आज मागणी आहे, आणि विकणाऱ्याने ती कोठे आहे हे जाणून घ्यावे. गुरुद्वारांत शबद-कीर्तनाला ती लागते. क्वीन्समधील रिचमंड हिल भागात गयाना व त्रिनिदादहून आलेली भारतीय वंशाची कुटुंबे राहतात, त्यांच्या मंदिरांत ती लागते. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या हरे कृष्ण मंडळींमुळे आणि पुढे योगवर्गांतील कीर्तनांमुळे कित्येक अमेरिकन तरुणही ती वाजवू लागले. पियानो फुकट नेण्यासदेखील माणूस मिळत नाही, अशा काळात पेटीला गिऱ्हाईक मिळते हे थोडे नव्हे. जाहिरात अशा ठिकाणी पोहोचली, तर समोर येणारा माणूस घासाघीस करील, पण त्याला वस्तूची जाण असेल.

भावतावाविषयी आपल्या शास्त्रांत काय आहे, हेही या निमित्ताने मी पाहिले. विकताना किंवा विकत घेताना एकमेकांस फसवू नये, अशी आज्ञा लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मिश्नेतील बाबा मेत्सिया या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात तिचा विस्तार येतो. वाजवी भावापेक्षा एक षष्ठांशाने अधिक घेतले, तर ती फसवणूक ठरते. त्याच ठिकाणी गिऱ्हाइकालाही बंधन घातले आहे: घ्यावयाचे मनात नसताना किंमत विचारू नये, कारण त्याने विकणाऱ्याचे मन दुखावते. नुसती करमणूक म्हणून भाव विचारत फिरणारे त्या काळीही असले पाहिजेत! परंतु मला सर्वांत बोध झाला तो तलमूदमधील एका बारकाव्याने. षष्ठांशाचा नियम व्यापाऱ्याला लागू आहे. गृहस्थ आपल्या घरातील वापरातली वस्तू विकतो, तेव्हा घेणाऱ्याने जादा भावाची तक्रार करू नये. कारण गृहस्थाला आपली वस्तू प्रिय असते आणि तो ती सहजी स्वस्तात देत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे आठवणीची किंमत मागण्याची मुभा आपल्याला आहे. ती मिळेलच, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. आणि दोष झाकण्याची मुभा तर कोणालाच नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. जाहिरातीपूर्वी पेटीची परीक्षा आपणच करावी. सर्व खुंट्या बंद करून भाता भरावा आणि सोडावा. तो झरझर मिटला तर हवा गळते आहे. येथील हिवाळ्यात तापविलेल्या घरांची हवा इतकी कोरडी होते, की सागवानसुद्धा आकसते, फटी पडतात आणि भात्याचे कातडे कडक होते. मग एकेक पट्टी दाबून कोणता सूर मुका आहे, कोणता कंप पावतो, हे कागदावर लिहावे. पट्टीखालची बनात कसर खाते, तीही पाहावी. करणाऱ्याच्या नावाची पट्टी शाबूत असल्यास जाहिरातीत तसे सांगावे, कारण जाणकार प्रथम तेच विचारतो. जुन्या तंबोऱ्यावर किंवा सारंगीवर हस्तिदंताचे काम असेल, तर विक्रीचा विचार करण्याआधी कायदा पाहावा. न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने हस्तिदंताची विक्री बंद झाली आणि २०१६ पासून राज्याराज्यांतील त्याच्या व्यापारावर केंद्र सरकारचेही कडक निर्बंध आहेत. त्यांतील मोजके अपवाद आपल्या वस्तूला लागू होतात की नाही, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकण्याची पाळी येऊ नये.

त्यानंतर घरातील माणसांनी एकत्र बसून दोन आकडे ठरवावेत: एक सांगावयाचा आणि एक ज्याच्या खाली जावयाचे नाही. दुसरा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. मी तो २८० लिहिला होता. हा कागद फार उपयोगी पडतो. समोरच्याने १०० म्हटले, तरी आपण शांतपणे मान हलवू शकतो, कारण निर्णय आधीच झालेला असतो. गिऱ्हाईक खोड्या काढू लागले, तर वाद घालू नये. खोड खरी असल्यास “होय, ती भावात धरली आहे” एवढेच म्हणावे. “आपल्याच माणसाला किती सोडाल?” असे विचारणारे समाजबांधव भेटतील. त्यांनाही तोच आकडा सांगावा. आपल्या माणसाला द्यावयाची असेल तर ती भेट म्हणून द्यावी. अर्धी भेट आणि अर्धी विक्री केली की दोघेही नाराज होतात.

आणि मुळीच घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकापासून जपून असावे. दूरच्या गावाहून कोणी पेटी न पाहताच पूर्ण किंमत कबूल करतो, बँकेचा कॅशियर्स चेक पाठवितो, तो ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा असतो, आणि जादाची रक्कम हमालाला पाठवा असे सांगतो. बँक अशा चेकचे पैसे एकदोन दिवसांत खात्यावर दाखविते; चेक खोटा असल्याचे कळावयास कित्येकदा आठवडे लागतात. तोवर आपण पाठविलेली रक्कम गेलेली असते आणि बँकेची भरपाई आपल्यालाच करावी लागते. प्रत्यक्ष येऊन, पट्ट्या दाबून, दहा डॉलरांसाठी हुज्जत घालणारा माणूस त्यापेक्षा शतपटीने बरा. ज्याला खरोखर घ्यावयाचे असते, तोच घासाघीस करतो.

माझ्या पेटीचे पाचवे गिऱ्हाईक म्हणजे रिचमंड हिलहून आलेल्या गयानाच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी भाता भरून कान लावला, प्रत्येक पट्टी वाजविली आणि २५० डॉलर सांगितले. मी माझा कागदावरचा दोषांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला: मध्य सप्तकातील एक काळी पट्टी उन्हाळ्यात अडकते आणि खर्जातील एक सूर किंचित उतरलेला आहे. हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हे सांगितलेत, म्हणून आता मी आणखी कमी मागायला हवेत, पण सांगितलेत, म्हणून मागवत नाही.” आम्ही ३१० वर आलो. त्यासाठी पाऊण तास आणि दोन कप चहा खर्ची पडला. वडिलांविषयी मी एक शब्दही बोललो नव्हतो. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी आपणहून विचारले, की ही कोण वाजवीत असे. मग मी सांगितले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि सारे ऐकले.

ती गोष्ट त्यांनी किमतीत धरली नाही आणि मीही मागितली नाही. ज्यांच्या घरी पेटी कपाटावर आहे, त्यांना एवढीच विनंती, की विकण्याआधी एक संध्याकाळ ती खाली उतरवावी, पुसावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाजवू द्यावी. मुलांनी त्यांचे गाणे जवळच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. घरात जे राहावयास हवे ते असे आधी काढून घेतले, म्हणजे मग उरलेल्या लाकडासाठी आणि सुरांसाठी कोणी कितीही कमी भाव सांगितला तरी आपल्याला रात्री झोप लागते.