कोकिळा गात नाही

"काकू, हात नगा लावू त्याला! मानसाचा हात लागला की बाकीची पाखरं टोचून मारत्यात."

मे महिन्यातली सकाळ होती. कढीपत्त्याच्या बुंध्याशी बुलबुलाचं पिल्लू बसलं होतं. ते उचलायला मी वाकले, तोच कुंपणापलीकडून शेजारचा पोरगा ओरडला. पिल्लाच्या अंगावर पिसं आली होती, शेपूट मात्र बोटाच्या पेराएवढंच. वर जास्वंदीवर दोन मोठे लालबुडे बुलबुल जीव खाऊन कलकलत होते. पोराच्या मते ते पिल्लाला टोचायच्या तयारीत होते. खरं तर त्या शिव्या मला होत्या.

हा समज काही आमच्या बेडसे गावापुरता नाही. चिमण्या-कावळ्यांबद्दल तो महाराष्ट्रभर ऐकू येतो. पण माणसाच्या हाताचा वास आला म्हणून पिल्लू टाकून द्यायची रीत बागेतल्या पक्ष्यांत नाही. त्यांना पिल्लाची हाक आणि वासलेली चोच पुरते. बुलबुलाची पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की घरट्याबाहेर पडतात, तेव्हा त्यांना धड उडताही येत नसतं. पुढचे काही दिवस आईबाप त्यांना झुडपात शोधून शोधून भरवतात. म्हणजे 'घरट्यातून पडलेलं' पिल्लू बहुतेक वेळा पडलेलं नसतंच, निघालेलं असतं. मग समज आला कुठून? पोरं पिल्लू घरात नेतात, बुटांच्या खोक्यात ठेवतात, दूधभात भरवतात आणि दोन दिवसांनी अर्धमेलं झालं की अंगणात सोडतात. कावळे टपलेलेच असतात. दोष हाताला लागतो, खोक्याला लागत नाही.

पिसं आलेलं पिल्लू दिसलं तर जवळच्या दाट झुडपात ठेवावं, मांजर हाकलावं आणि आपण घरात जावं. अजून उघडंबोडकं असेल तर सरळ घरट्यात परत ठेवावं. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. त्या दिवशी मी पिल्लू जास्वंदीत ठेवलं आणि आम्ही दोघं खिडकीतून बघत बसलो. थोड्याच वेळात एक बुलबुल चोचीत अळी घेऊन हजर. पोरगा म्हणाला, "ह्याला कमी लागला आसंल हात."

वर्षभर बाग बघत राहिलं की एक गंमत ध्यानात येते. पक्ष्यांबद्दलचे आपले कितीतरी गैरसमज हे बाईची कामं कोणती आणि पुरुषाची कोणती, याबद्दलचे आहेत. चैत्रात आंब्यावर 'कुहू' सुरू झालं की आपण म्हणतो, कोकिळा गातेय. गात असतो तो कोकीळ, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा कर्कश. सुरेल बाईला आपण गानकोकिळा म्हणतो. शब्द देखणा आहे, पक्षिशास्त्र मात्र उलटं. हिवाळ्यात कोकीळ दूर कुठेतरी निघून जातो, असंही सांगतात. विणीचा काळ संपला की तो गप्प होतो, एवढंच. एरवी वडा-उंबराची फळं खात पानांत दडून राहतो. आमच्या उंबरावर मी ऐन पौषात मादी पाहिली आहे. तोंडातून चकार शब्द नाही.

पावशाला पाऊस आधी कळतो आणि म्हणून तो 'पेरते व्हा' म्हणतो, हे तर शाळेपासून ऐकलेलं. त्याची ओरड असते जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी. विणीचा काळ पावसाच्या तोंडावर येतो, म्हणून दोन्हींची गाठ पडली. हीच ओरड हिंदी मुलखात 'पी कहाँ' होते, आणि उकाड्यात झोप न लागलेल्या इंग्रज साहेबाला त्यात 'ब्रेन फीवर' ऐकू यायचं. शेतकऱ्याला पेरणी, विरहिणीला सजण, साहेबाला ताप. चातकाचं पावसाशी नातं मात्र खरं आहे: तो मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. पण फक्त आभाळातून पडता थेंब पितो, ही कविकल्पना. केसाळ सुरवंट हा त्याचा आवडता खुराक. पाण्याची बरीचशी गरज त्यातूनच भागते. त्याची मादी आपली निळी अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत बेमालूम मिसळून निघून जाते.

'पावसात कसले पक्षी? दुर्बीण कपाटात ठेवा,' असं लोणावळ्याला भजी खायला येणारे पाहुणे सांगतात. अहो, आषाढ-श्रावण म्हणजे इथली कितीतरी लग्नं लागायचा मोसम! पहाटे बेडसे लेण्यांच्या पायऱ्यांकडून कुणीतरी आपल्याच नादात शीळ घालत असल्यासारखं वाटतं. पाहुणे विचारतात, गुराखी का? तो शीळकरी कस्तूर, ओढ्याकाठच्या कपारीत घरटं करणारा निळा-काळा पक्षी. आणि भातखाचरांच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर, सुगरणींची वसाहत.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा टांगणारी ती आईच. विणतो मात्र नर. सुगरणीचा हा सगळा संसार उलगडला तो आपल्याच किनाऱ्यावर. १९३० च्या पावसाळ्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. जर्मनीहून शिकून आलेले, पण हाताला नोकरी नाही. घराजवळच्या वसाहतीसमोर आडोसा करून ते दिवसचे दिवस बसले, आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. नर गवताच्या लांब चिरफळ्या ओढून आणतो, घरटं टोपीएवढं झालं की काम थांबवतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या आत शिरून तपासणी करतात आणि पुष्कळदा नाक मुरडून निघून जातात. एखादीला पसंत पडलंच, तर तो खालची नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर नवं घर बांधायला घेतो, दुसरीसाठी. विहिरीवर लटकणारी ती अर्धवट टोपडी म्हणजे मोडलेल्या सोयरिकी.

मागच्या भाद्रपदात वाऱ्याने पडलेलं असं एक टोपडं मी घरी आणलं. विणीत बोट घालून सोडवायला गेले, तर एक गाठ सुटेना. आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचे गोळे होते, हरभऱ्याएवढे. घरट्यात दिवा हवा म्हणून सुगरण चिखलात काजवे चिकटवते, असं माझी आजी सांगायची. गोळे खरे, काजवा एकही नाही.

फुलचुख्याकडे सगळं उलट. कोळिष्टकांत काटक्या-पानं गुंफून लोंबतं घरटं करते ती मादी, आणि फोटो निघतात चमकणाऱ्या नराचे. फोटोखाली हटकून लिहिलेलं असतं, 'आमच्या बागेतला हमिंगबर्ड'. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आढळतात. आपल्याकडे जंगलातही नाहीत आणि कुंडीतही नाहीत. आपला फुलचुख्या म्हणजे शिंजीर ऊर्फ सूर्यपक्षी. विणीचा काळ सरला की जांभळ्या शिंजीराचा नर रंग उतरवून मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. त्याला 'नवीन जात सापडली' म्हणून माझ्याकडे दाखवायला आणणारे दरवर्षी दोघं-तिघं असतातच. उन्हाळ्यात हाच नर स्कूटरच्या आरशावर चोची मारतो. रूप न्याहाळत नसतो, समोरच्या 'दुसऱ्या नराला' हाकलत असतो. आरशावर जुना मोजा चढवला की भांडण मिटतं.

शकुन-अपशकुनाचं काय सांगावं? भारद्वाज कुंपणावर दिसला की कामशेतला निघालेला माणूस थबकून हात जोडतो. शुभ असेलही, बुलबुलासाठी नाही. त्याची अंडी-पिल्लं भारद्वाज आवडीने खातो. तो कोकिळेच्याच कुळातला, पण घरटं स्वतःचं बांधतो, आणि अंड्यांवर नरही बसतो. पिंगळा घरावर बोलला की घरात कुणीतरी जाणार म्हणतात. तो किडे आणि उंदीर जायची वाट बघत असतो. टिटवी आभाळ तोलायला पाय वर करून झोपते म्हणे. तिची चार अंडी उघड्या जमिनीवर असतात. पाठीवर झोपायची चैन तिला परवडणार नाही.

चिमण्यांबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. 'मोबाइल टॉवरने चिमण्या संपवल्या' हे वाक्य दर २० मार्चला, चिमणी दिनाला, ऐकू येतं. टॉवरवर ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या २०२० च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घटल्या त्या मोठ्या शहरांत. चिमणी तांदूळ टिपते म्हणून मूठभर टाकले की झालं, हेही अर्धंच खरं. पिल्लांना लागतात किडे आणि अळ्या. भेंडीवर चार दिवसांआड फवारा मारायचा आणि ताटलीत तांदूळ ठेवायचे, यात चिमणीचा फायदा नाही. आमच्या आळीतली कौलं गेली, स्लॅब आले. वाशांच्या फटीही गेल्या.

दसऱ्याच्या आसपास थिरथिऱ्या येतो. काळसर, पोटाला तांबूस, शेपूट थरथरवल्याशिवाय क्षणभर चैन न पडणारा हिवाळी पाहुणा. पाण्याच्या टाकीवर बसतो आणि मुंग्यांवर झेप घालतो. शेजारच्या आजी दरवर्षी सांगतात, "आला गं आपला." कडी घातलेले काही स्थलांतरित पक्षी वर्षामागून वर्षं त्याच हिवाळी जागी परतल्याचं दिसलं आहे. आमच्या थिरथिऱ्याच्या पायात कडं नाही. मी आजींना काही बोलत नाही, टाकीखालच्या मुंग्यांवर पावडर मारायची तेवढी राहू देते.