एक-चौदावर नसलेलं नाव

पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय आहे, 'कला आणि वाणिज्य' शाखांचं. यातल्या कलेत इतिहास येतो, मराठी येतं, अर्थशास्त्रही येतं. रंग, कुंचला आणि माती मात्र येत नाही. डिचोली तालुक्यातल्या साखळीच्या सरकारी महाविद्यालयातली 'कला'ही याच अर्थाची. एका शब्दाचे दोन अर्थ आपण इतके सहज वापरतो, की खरोखर चित्र काढणाऱ्या मुलाला बारावीनंतर आपली 'कला' तालुक्याबाहेर आहे हे उशिरानंच कळतं.

ती आहे पणजीत, आल्तिनोच्या टेकडीवर. गोवा कला महाविद्यालय 1972 साली सुरू झालं. पुढे 1977 ते 1987 अशी दहा वर्षं लक्ष्मण पै तिथले प्राचार्य होते. स्वतः पै मडगावचे, पण शिकले मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांच्या पिढीला दुसरा रस्ताच नव्हता. 1857 साली निघालेलं जे. जे. हेच गोव्याचंही चित्रकलेचं कॉलेज होतं. मधे सरहद्द होती, एवढंच.

त्या काळी मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न प्रवेशाइतकाच मोठा. ख्रिस्ती गोवेकरांच्या गावोगावच्या 'कूड' धोबीतलाव-माझगावला होत्या. त्या मुख्यतः खलाशांसाठी, पण आपल्या गावच्या माणसाला तिथे पाठ टेकता येई. हिंदू मुलगा गिरगावातल्या नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकी आणि खाणावळीत जेवे. साळगावात 1924 साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सौझाचे वडील तो तान्हा असतानाच गेले. आईनं मुंबईत शिवणकाम करून मुलगा वाढवला. छोडो भारत चळवळीपायी जे. जे.नं त्याला 1945 साली काढून टाकलं. त्याच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची कहाणी सांगताना आपण तिथूनच सुरुवात करतो. आईच्या शिवणयंत्राचा हिशेब कुणी मांडत नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला दीनानाथ दलाल निराळे सांगायला नकोत. मडगावला 1916 साली जन्मलेल्या या चित्रकारानं 'दीपावली' काढला, मुखपृष्ठं रंगवली आणि चित्रकलेवर घर चालवता येतं हे मराठी मध्यमवर्गाला दाखवलं. पण त्यासाठी गोवा सोडावा लागला.

आज आल्तिनोला पोचणं तेवढं अवघड नाही. कॉलेज सरकारी आहे, प्रवेश अभियोग्यता चाचणीवर होतो, फी खासगी संस्थांच्या मानानं हलकी. पेडण्याहून म्हापसामार्गे किंवा डिचोलीहून, कदंब महामंडळाची बस तासाभरात किंवा थोड्या जास्त वेळात पणजीला टेकवते. घराचं कंबरडं फीपेक्षा सामानानं मोडतं. चांगला जलरंगाचा कागद, कॅनव्हास, तैलरंग. उपयोजित कलेला गेलात तर संगणक आणि कॅमेरा. वाणिज्याच्या मुलाचं पुस्तक धाकट्या भावाला वापरता येतं. रंगाची ट्यूब पिळली की संपली.

खरी कसोटी लागते ती गोव्याबाहेरची यादी लागल्यावर. बडोद्याचं ललित कला संकाय, शांतिनिकेतनचं कलाभवन, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, पुण्यातल्या खासगी डिझाइन संस्था. नाव लागलं की घरात आधी पेढे येतात, मग कागद. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, आणि ही योजना इतर राज्यांना हेवा वाटावा अशीच आहे. बँकांचं कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी निधीचं पाठबळ असतं, म्हणून तारण लागत नाही. त्याच्यावर गेलात की बँक साधारणपणे स्थावर मालमत्ता मागते. खासगी डिझाइन संस्थेची चार वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण नको, जामीन नको. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. उत्तमच. पण ही यादी बरीचशी 'एनआयआरएफ' या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतून येते. त्या क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी, वास्तुकला असे वर्ग आहेत, दंतवैद्यकालाही स्वतंत्र वर्ग आहे. चित्र-शिल्पकलेला नाही. त्यामुळे कलासंस्था यादीत शिरते ती मोठ्या विद्यापीठाचं बोट धरून किंवा केंद्राची संस्था म्हणून. नुसतं चित्रकलेचं कॉलेज म्हणून तिची प्रत मोजायला फूटपट्टीच नाही. दात मोजता येतात, रेघ मोजता येत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण रेघ मोजायला कुणी बसलेलंच नाही, हे जास्त खरं.

तेव्हा पुन्हा तारण. इथे पेडणे आणि डिचोली हे तालुके जुन्या काबिजादीतल्या गोव्याहून वेगळे पडतात. दोन्ही नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या अखेरीला पोर्तुगिजांकडे आले, पेडणे 1788 साली. जमिनीची जुनी घडी त्यांनी फारशी मोडली नाही. पेडण्यात देशप्रभूंना तर त्यांनी विश्कोंदचा किताब दिला. भाटकार, कूळ आणि मुंडकार ही तिहेरी रचना त्या मातीत खोल मुरली. भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा. गोवामुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, 1975 चा मुंडकार कायदा आला, हक्क मिळाले. पण कायद्यानं हक्क मिळणं निराळं आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मालक म्हणून नाव चढणं निराळं. मधे मामलेदाराचं कार्यालय आहे आणि तिथे तारखा पडतात. बँकेच्या अधिकाऱ्याला कायदा कळतो, पण तो उतारा पाहतो. उताऱ्यावर भाटकाराचं नाव असेल तर तीन पिढ्यांचं घर तारणाला शून्य.

डिचोलीतलं मये गाव यात सगळ्यांत पुढचं उदाहरण. गावाचा मोठा भाग कोंदे द मये घराण्याच्या मालकीचा. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालात राहिले आणि जमीन परागंदा मालमत्ता ठरून 'कस्टोडियन'कडे गेली. माणसं घरात राहिली, शेत कसत राहिली, देवळाच्या जत्रा करत राहिली. कागदावर त्यांचं काहीच नव्हतं. 2014 साली विधानसभेनं ही मालकी संपवणारा कायदा केला आणि पुढे सनदा वाटायला सुरुवात झाली. म्हणजे तोवर मयेतल्या बऱ्याच मुलांपाशी, कितीही चांगला हात असला तरी, बँकेत ठेवायला घर नव्हतं. निसर्गचित्र काढायला मयेचं तळं तेवढं होतं.

याच काळात डिचोलीत खाणी बंद पडल्या. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनं, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानं खनिजकाम थांबवलं. मधे सुरू झालं. फेब्रुवारी 2018 च्या निकालानं 88 लीजचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि 16 मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. खाणींनी शेतं आणि झरी खाल्ली हे खरं, तिथल्या बायाबापड्यांनी ते भोगलंय. पण ट्रक होता म्हणून महिन्याकाठी पैसा येत होता, हेही खरं. बापाचाच हप्ता थकलेला असेल तर मुलाच्या कर्जाला सहकर्जदार कोण? उलट पेडण्यात जमिनीचा भाव चढला. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये चालू झाला आणि आसपासच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्याला एक तुकडा विकून मुलीला अहमदाबादला धाडता येतं. मुंडकाराच्या मुलीला विमानं तेवढी बघता येतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 2012 पासून गोव्यात लाडली लक्ष्मी योजनेतून मुलीच्या नावे एक लाख रुपये मिळतात. योजना लग्नखर्चाच्या विचारातून निघाली आणि घरोघरी तो पैसा अजून 'लग्नाचा'च समजला जातो. त्याला हात लावून कॅनव्हास घेणं म्हणजे घरात दोन दिवस अबोला.

या दोन तालुक्यांत कला शाळेच्या आधी चित्रशाळेत असते. चवथ जवळ आली की पडवीत, खोपीत चिकण माती मळली जाते आणि गणपती उभे राहतात. लांबट बोटं कशी वळवायची, डोळ्याची बाहुली कुठे ठेवायची, हे पोर दहाव्या वर्षी शिकतं. गंमत म्हणा की पेच म्हणा, कॉलेजची फी जून-जुलैत भरायची आणि चित्रशाळेचा पैसा यायचा भाद्रपदात. तोवर माती आणि रंग उधारीवर.

चवथीच्या कितीतरी आधी गावातली घरं आपापला पाट चित्रशाळेत आणून ठेवतात. पाठीमागे खडूनं घराचं नाव. पावती नाही, करार नाही, आगाऊ रक्कम बहुधा नाही. गणपती न्यायच्या दिवशी पाटावर विडा-नारळ आणि पैसे ठेवले की व्यवहार पुरा. भिंतीला असे चाळीस-पन्नास पाट लावलेले असतात. त्यातला एखादा भाटकाराच्या घरचाही असतो.