ऑनलाइन इंटिरियर कोर्स काढायचाय? आधी घरमालकाच्या खिशाचा विचार करा



तुमच्यापैकी बरेच जण इंटिरियरचं काम करताय, कुणाचं प्लाय-हार्डवेअरचं किंवा पडद्यांचं दुकान आहे, कुणी डिप्लोमा करून बसलंय. "सर, बजेटमधल्या घरांसाठी ऑनलाइन कोर्स काढावा का?" हा प्रश्न वारंवार येतो. काढा की! पण मला जे आराखडे बघायला मिळतात, त्यात पहिला धडा असतो "इंटिरियर डिझाइन म्हणजे काय", दुसरा कलर थिअरी आणि तिसरा डिझाइनच्या शैली. हा कॉलेजचा अभ्यासक्रम झाला. घरमालक यासाठी पैसे देणार नाही.

का? कारण त्याला डिझायनर व्हायचंच नाहीये. त्याच्या हातात नव्या फ्लॅटची चावी आलीय. होम लोनचा हप्ता सुरू झालाय आणि जुन्या घराचं भाडंही सुरूच आहे. साठवलेले तीनेक लाख आहेत आणि सोमवारी सुतार माप घ्यायला येतोय. त्याला दहा-बारा निर्णय घ्यायचेत. ते योग्य क्रमाने आणि पैसे वाया न घालवता घ्यायचेत. तुमचा कोर्स म्हणजे ते निर्णय. एवढं पकडलं की बाकीचं प्लॅनिंग सोपं होतं.

१. ग्राहक एकच निवडा

"घर सजवणारे सगळे" हा ग्राहक नसतो. वन बीएचके किंवा छोटा टू बीएचके, कार्पेट एरिया ३५० ते ५५० चौरस फूट, बजेट २ ते ४ लाख, पुढच्या तीन महिन्यांत काम सुरू करणार, असा एक माणूस डोळ्यासमोर ठेवा. म्हाडा-सिडकोच्या सोडतीत घर लागलेले, बिल्डरकडून नुकताच ताबा मिळालेले, हे सगळे यात येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे प्रश्न वेगळे, बंगल्यावाल्याचे वेगळे. त्यांच्यासाठी पुढे दुसरा कोर्स काढता येईल.

आता आश्वासन एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी तुमच्या घराचा नकाशा, खर्चाची यादी आणि कामाचा क्रम कागदावर तयार." हे मोजता येतं. "स्वप्नातलं घर साकारा" हे मोजता येत नाही.

२. धडे साइटवरच्या कामाच्या क्रमाने लावा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. घरात काम ज्या क्रमाने होतं, त्याच क्रमाने शिकवा. सहा धडे पुरेसे आहेत.

धडा १: माप. टेपने खोली मोजायची आणि कागदावर काढायची. बीम, खिडकीची उंची, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं. मग जमिनीवर मास्किंग टेप लावून फर्निचर "मांडून" बघायचं. दहा फूट लांब बेडरूममध्ये साडेसहा फूट लांब बेड आणि त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट ठेवलं, तर मध्ये दीडच फूट उरतो. तिथे बाहेर उघडणारी दारं चालणार नाहीत. स्लायडिंग करा नाहीतर कपाटाची भिंत बदला. हे टेपवर दहा मिनिटांत कळतं, कपाट झाल्यावर कळलं तर महाग पडतं. संगणकावर बघायचं असेल त्यांना स्वीट होम थ्रीडी हे मोफत सॉफ्टवेअर दाखवा.

धडा २: पैशांची वाटणी. आधी १० टक्के बाजूला काढायचे, कारण साइटवर काहीतरी निघतंच. उरलेल्यात तीन रकाने: आत्ता हवंच, सहा महिन्यांनी चालेल, नसलं तरी चालेल. ओटा आणि ट्रॉली पहिल्या रकान्यात, टीव्हीमागचं पॅनल बहुतेक तिसऱ्यात.

धडा ३: भिंतीच्या आतलं काम. प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग. बेडच्या दोन्ही बाजूंना पॉइंट, फ्रिज, गीझर, एसी, मिक्सर, वायफायचा राउटर, सगळ्यांच्या जागा फर्निचरच्या नकाशावर ठरवायच्या. रंग झाल्यावर एक पॉइंट वाढवायचा म्हणजे भिंत फोडा, वायर टाका, प्लास्टर करा, परत रंग द्या.

धडा ४: सुताराचं कोटेशन वाचणं. तुमचा कोर्स लोक एकमेकांना सांगतील तो या धड्यामुळे. कपाटाचा दर बहुतेक वेळा समोरच्या दर्शनी चौरस फुटावर लागतो. समजा दर १,४०० रुपये आहे. ६ बाय ७ फुटांचं कपाट ४२ चौरस फूट, म्हणजे ५८,८०० रुपये. पण वरचा २ फुटांचा लॉफ्ट त्याच दराने धरला तर एकूण ५४ चौरस फूट, म्हणजे ७५,६०० रुपये. कपाट तेच, फरक १६,८०० रुपयांचा! म्हणून विचारायचे प्रश्न पाठच करून घ्या. लॉफ्टचा दर वेगळा का? आतले ड्रॉवर धरलेत का? बिजागऱ्या, चॅनल, हँडल कोणाचे? आतून लॅमिनेट लावणार का? काम मजुरीवर की मटेरियलसकट?

धडा ५: मटेरियल. पूर्ण प्लायवुडशास्त्र नको. सिंकखाली आणि पाण्याजवळ आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड, बेडरूमच्या कोरड्या कपाटाला आयएस ३०३ चालतं, आणि प्लायवरचा शिक्का बघूनच माल उतरवून घ्यायचा. एक शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. एवढं कळलं की घरमालक शीट मोजून बिल तपासू शकतो.

धडा ६: रंग, दिवे, पडदे. कलर थिअरी इथे येते, शेवटी, आणि तीही त्याच्या खोलीत किती उजेड येतो यावरून.

प्रत्येक धड्याचे व्हिडिओ ८-१० मिनिटांचे आणि शेवटी एक भरायचा कागद. सहा कागद भरले की त्याच्या घराची फाइल तयार. लोक त्या फाइलचे पैसे देतात.

३. काय शिकवायचं नाही

भिंत पाडणं, बाल्कनी आत घेणं, बाथरूमची जागा हलवणं, हे विषय ऑनलाइन शिकवू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची परवानगी लागते, एवढंच स्पष्ट सांगा. आणि नावापुढे "आर्किटेक्ट" लावायचा मोह टाळा. १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ते लावता येतं.

४. आधी विक्री, मग रेकॉर्डिंग

चाळीस व्हिडिओ शूट करून मग गिऱ्हाईक शोधू नका. दहा जणांची पहिली बॅच घ्या, फी ९९९ रुपये, गुगल मीटवर रविवारी दोन तास, असे तीन रविवार. पहिल्या रविवारनंतर पटलं नाही तर पूर्ण पैसे परत, हे आधीच लिहून द्या.

ओळखीतून दहा जणही मिळाले नाहीत, तर तुमचं नुकसान फक्त चार फोन आणि एका पोस्टरचं. मिळाले, तर त्यांचे प्रश्न शब्दशः लिहून ठेवा. तेच पुढे तुमच्या व्हिडिओंची नावं होतील. आणि किती जणांनी सहाही कागद भरले ते मोजा. "छान होतं सर" हा निकाल धरू नका. भरलेली फाइल हाच निकाल.

५. हिशोब

समजा रेकॉर्डेड कोर्सची फी १,९९९ ठेवली. सुरुवातीचा खर्च धरूया: माइक, लाइट, ट्रायपॉड ९,०००, एडिटिंग १५,०००, प्लॅटफॉर्मचं वर्षाचं भाडं १२,०००. एकूण ३६,०००.

आता एका विक्रीमागे पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून साधारण ४७ रुपये, जाहिरातीचे ५०० रुपये. हातात उरले १,४५२. म्हणजे खर्च भरून यायला २५ विद्यार्थी लागतील. जाहिरात ५०० ऐवजी १,००० ला पडली तर हाच आकडा ३८ वर जातो. म्हणून फी ठरवताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा, शेजारच्या कोर्सची फी बघून ठरवू नका.

दुकानदारांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीसाठी ४० लाखांची मर्यादा आहे. कोर्स ही सेवा झाली. एकाच पॅनवर माल आणि सेवा दोन्ही आले की मर्यादा २० लाखांची होते, आणि त्यात दुकानाची विक्रीही धरली जाते. तुमचं दुकान वर्षाला ३० लाखांचं असेल, तर पहिली फी घेण्याआधी सीएंना भेटा. नोंदणी असेल तर १,९९९ मधले ३०५ रुपये १८ टक्के जीएसटीचे निघतात आणि २५ चा आकडा ३२ होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्यांनी गेल्या वर्षभरात घराचं काम केलंय अशा पाच जणांना भेटा. फोनवर नको, घरी जा. एकच प्रश्न विचारा: "ताई, दादा, आज परत काम करायचं झालं तर कुठले पैसे वाचवाल?" मध्ये बोलू नका, वहीत लिहा. पाच घरांतून एकच उत्तर दोन-तीनदा आलं, की तुमचा पहिला धडा मिळाला समजा.

कुणाच्या तरी घराचे तीन लाख तुमच्या शब्दावर खर्च होणार आहेत, हे लक्षात ठेवून कोर्स बनवा. मग विकायला फार जोर लावावा लागत नाही.

चला, कामाला लागा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!